ताण आणि बहार

घराच्या मागल्या अंगास चार हात जमीन असावी, तीतून सकाळच्या पूजेपुरती फुले आणि दुपारच्या पानापुरती भाजी निघावी, ही इच्छा महाराष्ट्रातील गृहस्थाने पिढ्यानपिढ्या बाळगली. आणि ती जमीन वाड्याच्या परसातून बंगल्याच्या कुंपणापाशी, तेथून गच्चीवर आणि गच्चीवरून सज्जातल्या पाचसात कुंड्यांत आकसत गेली, तरीही ती इच्छा तितकीच ताजी राहिली आहे, ही मला मोठ्या समाधानाची गोष्ट वाटते. मात्र परसबागेविषयी जे सांगितले जाते त्यात काय घालावे याचीच याद फार लांबलचक असते. कोणते खत द्यावे, किती पाणी द्यावे, कोणते औषध फवारावे, याचे मार्गदर्शन करणारे पुष्कळ भेटतात. काय घालू नये आणि हात कधी आखडता घ्यावा, याविषयी सहसा कोणी बोलत नाही. घरगुती बागांतली जी झाडे मी मरताना किंवा वांझ राहताना पाहिली, त्यांतील बहुतेकांचा घात मालकाच्या अतिस्नेहाने झालेला होता. मापून देणे आणि वेळ पाहून रोखून धरणे ही या विद्येची निम्मी बाजू असून आमच्या जुन्या माळ्यांना व फळबागाइतदारांना ती उत्तम अवगत होती. तिच्याविषयीच येथे थोडे विस्ताराने लिहावयाचे आहे.

प्रथम पाण्याचा मामला. पानांप्रमाणे मुळेही श्वसन करतात, आणि त्यासाठी मातीच्या कणाकणांमधील पोकळ्यांपैकी काही पाण्याने व काही हवेने भरलेल्या असाव्या लागतात. सकाळ-संध्याकाळ नेमाने झारी रिकामी करणारा गृहस्थ त्या साऱ्याच पोकळ्या पाण्याच्या ताब्यात देतो. मुळे गुदमरतात, काही काळाने कुजतात, आणि कुजलेल्या मुळांना पाणी शोषता येत नसल्यामुळे ओल्या मातीत उभे असलेले झाड तहानल्यासारखे माना टाकते. ते पाहून मालकाचा जीव कळवळतो व तो आणखी पाणी ओततो. कुंडीतल्या मातीत बोटाचे एक पेर खुपसून पाहिले असते तर हा अनर्थ टळला असता. बोटाला ओल लागली तर त्या दिवशी झारी उचलू नये. माती कोरडी लागली तर तळच्या भोकातून पाणी पाझरेपर्यंत सावकाश, भरपूर द्यावे. रोज वरवर शिंपडलेल्या पाण्याच्या आशेने मुळे पृष्ठभागाशीच रेंगाळतात आणि घरची मंडळी चार दिवस परगावी गेली की झाड उन्हात होरपळते. एका वेळी खोल मुरलेल्या पाण्याच्या मागोमाग मुळेही खोल उतरतात. जमिनीतल्या झाडाचे आळे करताना खोडाशी माती उंच ठेवावी आणि पाण्याची चर फांद्यांच्या घेराखाली काढावी, कारण पाणी शोषणारी कोवळी पांढरी मुळे तेथे असतात; खोडाला पाण्यात उभे करण्याने बुंधा कुजण्यापलीकडे काही साधत नाही.

देशावरची काळी माती या बाबतीत विशेष जपून वापरावी लागते. बसाल्टचा खडक झिजून झालेली ही चिकण जमीन पाणी पिऊन फुगते आणि वाळली म्हणजे भेगाळते. शेतात तिचा हा गुण अन्नदाता ठरतो, कारण पावसाळ्यात साठवलेल्या ओलीवरच रब्बीची ज्वारी पोसते. कुंडीच्या कोंडलेल्या जागेत मात्र तीच माती पावसाळ्यात चिखल आणि वैशाखात वीट होते. म्हणून कुंडीसाठी दोन भाग तांबडी किंवा पोयट्याची माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत आणि एक भाग जाड वाळू असे मिश्रण करावे व तळच्या भोकावर खापरीचा तुकडा पालथा घालावा, म्हणजे पाणी जाते आणि माती राहते. कोकणातल्या जांभ्याच्या जमिनीत प्रश्न नेमका उलटा असतो. तेथे पाणी ठरतच नाही, आणि पालापाचोळ्याचे जाड आच्छादन हाच तिथला खरा बंदोबस्त होय.

जुन्या घरांत मोरीचे पाणी परसात जेथे उतरे तेथे अळू, कर्दळ आणि केळ लावण्याचा दस्तूर होता, आणि त्यात वनस्पतींच्या स्वभावाची सूक्ष्म पारख होती. या तिघांना पाय ओले असलेले आवडतात. वर्षभर ओल मिळाली तर ती आनंदाने पसरतात, आणि सांडपाणी शोषून घेऊन त्याबदली फतफत्याची पाने, नैवेद्याची केळी आणि तांबडी-पिवळी फुले देतात. त्यांच्या पंक्तीला मोगरा किंवा शेवगा बसवणे हा मात्र अन्याय. बाग आखताना तहानेच्या मापाने झाडांचे शेजार ठरवावे, हा नियम माझ्या मते उंचीच्या किंवा रंगाच्या मापाने शेजार ठरवण्याहून अधिक महत्त्वाचा आहे.

ज्या फळबागाइतदारांचा मी वर उल्लेख केला त्यांनी हे रोखून धरणे एका परिपूर्ण पद्धतीस नेऊन पोहोचवले आहे. संत्रे, डाळिंब, पेरू यांना आपल्या हवामानात वर्षातून तीन वेळा फूल येऊ शकते : थंडी सरताना येतो तो आंबे बहार, पावसाच्या आरंभी येतो तो मृग बहार आणि परतीच्या पावसाच्या सुमारास येतो तो हस्त बहार. तिन्ही घेऊ म्हटले तर झाडाची शक्ती तिन्हीकडे विखुरते व एकाही बहाराचे फळ धड पोसत नाही. म्हणून बागाइतदार पाण्याची सोय आणि बाजार पाहून एकच बहार मुक्रर करतो, आणि त्याच्या अगोदर हलक्या जमिनीत महिनाभर, भारी जमिनीत त्याहून अधिक मुदतीपर्यंत बागेचे पाणी तोडतो. यालाच ताण देणे म्हणतात. पाने पिवळी पडू लागतात, पुष्कळशी गळतात. नवखा माणूस ते दृश्य पाहून हवालदिल होतो. पण नवी वाढ थांबल्यामुळे पानांनी तयार केलेले अन्न आता काडीत साठू लागलेले असते. मग आळी चाळून, खत घालून पहिले पाणी सोडले, म्हणजेच ताण तोडला, की नव्या पालवीबरोबर सारी बाग कळ्यांनी भरून येते. कागदी लिंबाचे फळ ऐन उन्हाळ्यात हवे असेल तर हस्त बहार धरावा लागतो, आणि त्यासाठीचा ताण श्रावण-भाद्रपदात, म्हणजे वरून पाऊस पडत असता द्यावा लागत असल्यामुळे तो साधणे फार कठीण जाते. चैत्र-वैशाखात लिंबू महाग का होते याचे एक उत्तर येथे आहे.

मोगऱ्याचा न्याय हाच. आमच्या पेठेत एक वृद्ध माळीबुवा चारसहा घरांच्या बागा राखीत असत. शेजारच्या वहिनींनी एकदा त्यांच्याकडे तक्रार केली, “बुवा, मोगरा नुसता माजलाय. पानं बघावीत तर हिरवीगार, पण कळी म्हणून नाही.” बुवांनी आळ्यात बोट घालून ओल पाहिली आणि शांतपणे म्हणाले, “वहिनी, त्याला कशाची कमी पडू दिलीत तर तो फुलेल ना! आता संक्रांत होईतो या आळ्याला पाणी दाखवू नका.” त्या माघात त्यांनी स्वतः येऊन ते झुडूप निम्म्याने छाटले, उरलेली पाने ओरबाडून काढली, आळे उकरून दोन दिवस उन्हात तापू दिले, शेणखत भरले आणि मग पहिले पाणी सोडले. चैत्रात त्या घरून आळीभर गजरे गेले. मोगऱ्याची कळी नव्या फुटीवर येते, जुन्या काडीवर नव्हे. त्यामुळे छाटणीवाचून फुलाची आशा व्यर्थ. कुंडीतल्या मोगऱ्याला इतका कडक उपास मात्र सोसत नाही. त्याला आठवड्यातून एकदा थोडके पाणी द्यावे, पान सुकू द्यावे, काडी सुकू देऊ नये. आणि निम्मा दिवस तरी कडक ऊन त्याला मिळालेच पाहिजे. सावलीतला मोगरा कोणत्याही उपायाने फुलत नाही.

गुलाबाच्या छाटणीची वेळ पाऊस सरल्यानंतरची, म्हणजे ऑक्टोबरची. धारदार कात्रीने, बाहेरच्या बाजूस तोंड केलेल्या डोळ्याच्या थोडे वर, तिरका काप घ्यावा. मेलेल्या, बारीक आणि एकमेकींत घुसलेल्या काड्या मुळापासून काढाव्या, म्हणजे झुडपाच्या मध्यभागी उजेड व वारा खेळतो. कलमाच्या सांध्याखालून जो जोमदार फुटवा येतो तो खुंटाचा असतो आणि वरच्या गुलाबाचे अन्न परस्पर वसूल करीत असतो. तो दिसताच बुडातून काढावा. छाटणीपासून सुमारे सहा-सात आठवड्यांत फुले येतात. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये दर वर्षी जानेवारीत पुष्पप्रदर्शन भरते, आणि तेथे फूल मांडणारी हौशी मंडळी आपल्या कात्रीचा दिवस त्या तारखेवरून मागे मोजून ठरवितात. निसर्गाशी असा करार करून तो दोन्ही बाजूंनी पाळला गेलेला पाहणे हा परसबागेतील अत्युच्च आनंदांपैकी एक आहे.

शेवंतीला जे रोखून धरावे लागते ते निराळेच आहे. तिला अंधार द्यावा लागतो. वनस्पती दिवसाची व रात्रीची लांबी ओळखून फुलतात, हे १९२० साली अमेरिकेतील गार्नर आणि अ‍ॅलर्ड या शास्त्रज्ञांनी तंबाखू आणि सोयाबीन यांवरील प्रयोगांतून सिद्ध केले. शेवंती ही लांब रात्रीची फुलणारी आहे. वर्षाऋतूत दिवस मोठा असतो तोवर ती पानेच वाढवते आणि शरदात रात्र वाढू लागली म्हणजे कळ्या धरते. ज्यांच्या अंगणात रात्रभर दिवा जळतो किंवा कुंपणावर रस्त्याच्या दिव्याचा झोत पडतो, त्यांच्या शेवंतीची रात्र कधी पुरी होतच नाही आणि सारी आळी फुललेली असता ती एकटी हिरवी राहते. कुंडी उचलून घराच्या अंधाऱ्या बाजूस ठेवणे एवढाच इलाज. वैशाख-ज्येष्ठात लावलेल्या रोपांचे शेंडे दोनदा खुडावे, म्हणजे एका काडीच्या जागी अनेक काड्या फुटून झुडूप घेरदार होते. श्रावणानंतर मात्र खुडणे थांबवावे, नाही तर होऊ घातलेली कळीच आपल्या नखाखाली जाते. झेंडूचा हिशेब सोपा आहे. आषाढात बी टाकले, तीन-चार आठवड्यांनी रोपे हलवली की नवरात्राच्या सुमारास ताटवा फुलतो. ज्या फुलावाचून दसऱ्याचे तोरण आपल्याला सुचत नाही ते मूळचे मेक्सिकोकडचे, ही गोष्ट मला नेहमी हृद्य वाटते. परदेशाहून आलेला हा पाहुणा येथे पूजेचा मानकरी झाला. वांग्याटोमॅटोच्या वाफ्याभोवती त्याची एक ओळ लावावी, कारण त्याच्या मुळांतील द्रव्ये जमिनीतल्या सूत्रकृमींना मारक ठरतात.

आतापर्यंत जे लिहिले त्यावरून कोणी सगळ्याच वाफ्यांचे पाणी तोडू लागेल तर मोठा घोटाळा होईल. पालेभाजीला ताण मुळीच सोसत नाही. मेथी, पालक, कोथिंबीर यांना दोन दिवस कोरड पडली की पान राठ होते आणि झाड घाईने तुऱ्यावर येते. मुळा तिखट, पोकळ व दशीचा निघतो. टोमॅटोला एकदा कोरडे ठेवून एकदा तुडुंब पाणी दिले तर फळे तडकतात आणि त्यांच्या बुडाशी काळा डाग पडतो. त्याला नेमस्त, सारखी ओल हवी आणि पायाशी वाळल्या गवताचे आच्छादन हवे. काकडी आणि दुधी या कुळात एक कडू द्रव्य मुळातच असते व उष्णता, पाण्याची ओढ यांमुळे ते फळात वाढू शकते. कडू लागलेला दुधी शिजवून गोड होत नाही, त्याचा रस तर विषारी ठरू शकतो. म्हणून घरच्या वेलाचा असला तरी दुधी चिरताना एक कण जिभेवर ठेवून पाहावा आणि कडू लागल्यास फळ निःसंकोच फेकून द्यावे, त्याचे बीही ठेवू नये.

वेलभाज्या ही परसबागेची खरी दौलत. मृगाच्या पहिल्या पावसावर दोडका, पडवळ, कारली, दुधी, तांबडा भोपळा यांच्या बिया आळ्यात टोचल्या की श्रावणात मांडव झाकला जातो, आणि तेव्हाच एक नित्याची चिंता ऐकू येते : फुले भरपूर, फळ एकही नाही. या कुळात नर व मादी फुले वेगवेगळी येतात आणि पहिले आठ-पंधरा दिवस बहुधा नरफुलेच उमलतात. मादीफूल ओळखण्याची खूण अशी, की पाकळ्यांच्या खाली देठाशी त्या त्या फळाची इवलीशी प्रतिकृती आधीच बसलेली असते. ते दिसेपर्यंत धीर धरावा, आणि या काळात वेलाला नत्राचे खत घालण्याचा मोह टाळावा, कारण त्याने पाने व नरफुले वाढतात आणि फळाचा दिवस लांबतो. दुधीचा वेल मांडवावर पोचला म्हणजे त्याचा शेंडा खुडावा. मुख्य वेलीपेक्षा आडव्या फुटींवर मादीफुले अधिक येतात.

यानंतर घटिका ओळखण्याचे काम उरते, आणि ते मला सर्वांत प्रिय आहे. तांबड्या भोपळ्याचे मोठे पिवळे फूल पहाटे उमलते आणि ऊन चढताच मिटू लागते. कारल्याचेही सकाळीच. घोसाळ्याचे फूल सकाळी उघडते, पण त्याच्या सख्ख्या भावंडाचे, दोडक्याचे, दिवस कलताना. दुधीची पांढरी, तलम फुले तिन्हीसांजेला उमलतात, आणि पडवळाची झालर लावलेली नाजूक फुले रात्री. सकाळच्या फुलांचा कारभार मधमाश्यांकडे, रात्रीच्या फुलांचा पतंगांकडे. शहरातल्या सहाव्या मजल्यावर या दोघांचीही येजा कमी असते, त्यामुळे तेथे माणसाला त्यांची चाकरी पत्करावी लागते. भोपळ्याचे ताजे नरफूल सूर्योदयाच्या सुमारास तोडावे, त्याच्या पाकळ्या सोलून काढाव्या आणि आतला परागांनी माखलेला दांडा मादीफुलाच्या मध्यभागी हलक्या हाताने फिरवावा. दुधीसाठी हेच दिवेलागणीला करावे. दोन-तीन दिवसांत देठाचे फळ हिरवेगार राहून फुगू लागले तर परागण लागू पडले असे समजावे. पिवळे पडून गळाले तर पुढच्या फुलाची वाट पाहावी. भोपळ्याची नरफुले गरजेपेक्षा कितीतरी अधिक येतात. चार वेलीवर ठेवून बाकीची खुशाल भज्यांसाठी घ्यावी, त्या भज्यांची सर बाजारच्या कोणत्याही भाजीला येत नाही.

वाफ्यात बी टाकताना हात सैल सुटतो आणि उगवल्यावर उपटताना तो आखडतो, हा मनुष्यस्वभाव आहे. पण मुळा व गाजर यांची विरळणी केली नाही तर पाल्याखेरीज काही हाती येत नाही. उपटलेली कोवळी रोपे भाजीत जातात, काही वाया जात नाही. धणे पेरण्यापूर्वी हलक्या हाताने रगडून त्यांच्या दोन फाका कराव्या व रात्रभर भिजवाव्या. मेथी तीन-चार दिवसांत उगवते, कोथिंबिरीला मात्र आठ ते पंधरा दिवस लागतात, तेवढ्यात वाफा उकरून पाहू नये.

खताविषयी अलीकडे फार गाजावाजा चालतो, पण मूळ गोष्ट जुनीच आहे. अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शास्त्रज्ञ १९२४ सालापासून इंदूरच्या वनस्पती-उद्योग संस्थेत काम करीत होते, आणि शेतातला काडीकचरा, शेण व माती यांचे थर रचून, वेळोवेळी उलथून उत्तम खत करण्याची जी पद्धत त्यांनी तेथे बसवली ती ‘इंदूर पद्धत’ या नावाने जगभर गेली. १९३१ साली त्यांनी तीवर ग्रंथही प्रसिद्ध केला. या पद्धतीचा गाभा हवा हा आहे. घरातल्या भाजीच्या देठांचा आणि अंगणातल्या पाचोळ्याचा ढीग करताना एक थर ओल्याचा तर दोन थर सुक्याचे असावे, मधून मधून मूठभर माती किंवा जुने खत पसरावे, दर आठ-दहा दिवसांनी ढीग वरखाली करावा. ढिगाला घाण वास येऊ लागला तर त्यात पाणी अधिक व हवा कमी झाली हे निश्चित समजावे. सुका पाचोळा मिसळून तो मोकळा केला की वास जातो. ओल किती असावी? मूठ आवळली तर हात ओला व्हावा, थेंब गळू नये. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर हे गणिताचे अध्यापक; ‘प्रयोग परिवार’ उभा करून आणि ‘विपुलाच सृष्टी’ लिहून त्यांनी सामान्य माणसाला आपल्या गच्चीकडे व परसाकडे प्रयोगशाळा म्हणून पाहण्यास शिकवले, आणि पाचोळा जाळणे म्हणजे सूर्याने दिलेली संपत्ती जाळणे आहे, ही दृष्टी त्यांच्यासारख्यांनी रुजवली. दर फाल्गुनात आमच्या शहरांतून पाचोळ्याच्या ढिगांचा धूर निघताना दिसतो तेव्हा मला खरोखरच क्लेश होतात. तो कचरा नव्हे. पुढल्या वर्षाची भाजी तेथे जळत असते.

कीड दिसताच पंप हाती घेणे हा अतिस्नेहाचाच आणखी एक प्रकार. वालाच्या शेंड्यावर मावा चढला म्हणजे पहिल्या दिवशी पाण्याच्या जोरदार धारेने तो धुऊन काढावा, दुसऱ्या दिवशी राख धुरळावी, आणि मग चार दिवस नुसते पाहावे; लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा व त्याच्या अळ्या माव्याचा फडशा पाडण्यास बहुधा येऊन पोचतात. विषारी औषध मारले तर मावा काही दिवसांत परत येतो, ढालकिडा मात्र लौकर येत नाही. एवढ्यानेही भागले नाही तर पन्नास ग्रॅम निंबोळ्या कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवाव्या, सकाळी गाळून किंचित साबण मिसळावा आणि सायंकाळी, मधमाश्या घरी परतल्यानंतर, पानांच्या खालच्या बाजूस फवारावे. दोडक्या-कारल्यांच्या कोवळ्या फळांवर फळमाशी अंडी घालते. फळ बोटाएवढे असतानाच त्यावर कागदी किंवा कापडी पिशवी चढवणे हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे, आणि किडून गळालेली फळे आळ्यात तशीच न टाकता खोल पुरावी, नाही तर त्यांतल्या अळ्या जमिनीत जाऊन पुन्हा माश्या होऊन येतात. लिंबावर व कढीपत्त्यावर पाखराच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या आढळल्या तर ती लिंबावरच्या फुलपाखराची बाळे आहेत हे लक्षात घ्यावे. रोप लहान असेल तर त्यांना दूर करावे हे खरे. पण वाढलेल्या झाडाने दहावीस पाने त्यांना दिल्याने त्याचे काही बिघडत नाही, आणि ज्या घरातली मुले त्या अळीचा कोश व कोशातून निघालेले फुलपाखरू डोळ्यांनी पाहतात त्या घरात बागेला वारस मिळतो.

आता बियाण्याविषयी. हात आखडता घेण्याची सर्वांत कठीण परीक्षा येथे होते, कारण मांडवावरचे सर्वांत देखणे फळ खाण्यावाचून ठेवावे लागते. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील कोंभाळणे या गावच्या राहीबाई पोपेरे यांनी हेच केले. वाल, घेवडा, वेलभाज्या, भात यांचे गावठी वाण त्यांनी गोळा केले, आपल्या परसात लावून जपले आणि त्यांचे बी गावोगावच्या बायांना दिले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि साऱ्या देशाने त्यांना बीजमाता म्हणून ओळखले. शाळेची पायरी न चढलेल्या या स्त्रीने परसबागेची जी सेवा केली तिच्यापुढे कोणीही आदराने नत व्हावे. बाजारातल्या संकरित वाणाचे बी धरून उपयोग नाही, ते पुढल्या पिढीत मूळ गुण राखत नाही. म्हणून बी धरावयाचे तर गावठी वाणच लावावा. एकाच भाजीचे दोन वाण जवळजवळ असतील तर ज्याचे बी हवे त्याच्या नर व मादी कळ्या उमलण्यापूर्वी दोऱ्याने सैल बांधाव्या, उमलण्याच्या घटकेस सोडून हाताने परागण करावे आणि मादीफूल पुन्हा बांधावे. बियाण्याचे फळ निरोगी वेलीच्या भर बहरातले निवडावे. दुधी व दोडका वेलीवरच वाळू द्यावा, हलवला की आत बी वाजले पाहिजे. भोपळा देठ सुकेपर्यंत ठेवावा. वांगे पिवळे पडू द्यावे. बी सावलीत वाळवून, राखेत घोळून, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावे आणि चिठ्ठीवर वाणाचे नाव व साल लिहावे.

वाचकांना माझी एवढीच विनंती आहे. येत्या भाद्रपदात आपल्या मांडवावरचा एक उत्तम दोडका निवडून त्याला तांबडा दोरा बांधा, घरातल्या सर्वांना त्याला हात लावू नका म्हणून बजावा, आणि तो वाळून त्यातले बी निघाले की निम्मे आपल्यापाशी ठेवून निम्मे शेजारी द्या.